शब्दचर्चा: वाचा जाणे, वाचा बसणे, शब्द न सापडणे

मीनल_ठाणे
काकांच्या मेंदूतली गाठ डावीकडे, बोलण्याच्या भागाजवळ आहे. शस्त्रक्रियेत मधला काही वेळ त्यांना जागं ठेवून बोलतं ठेवणार आहेत. घरच्यांना कळावं म्हणून माहितीचा कागद मी मराठीत करतेय. त्यात ‘स्पीच अरेस्ट’ आणि ‘अनोमिया’ असे दोन वेगळे प्रकार आहेत. आई म्हणते, दोन्हींना ‘वाचा जाणे’ लिही. चालेल?

रामभाऊ
नको. ‘वाचा गेली’ म्हटलं की ती परत येईल असं कुणाच्या मनात येत नाही. ‘वाचा बसली’ हे भीतीने किंवा धक्क्याने. ‘वाचाघात’ हा शब्द पक्षाघाताच्या चालीवर बनलाय आणि अफेजियाला, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते त्याला, तो चांगला आहे, पण ते आजाराचं नाव झालं.

अस्मिता_वाचोपचार
मीनलताई, टेबलावर काय घडतं ते आधी सांगते, शब्द मग आपोआप सुचतील. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, बधिर करावी लागते ती डोक्याची त्वचा. मग सर्जन मेंदूच्या पृष्ठभागावर एकेका जागी अगदी सौम्य वीजप्रवाह काही सेकंद देतात. तेवढ्यापुरतं त्या जागेचं काम विस्कटतं. ही पद्धत माँट्रियलमध्ये मेंदूचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांनी रुळवली. प्रत्येक जागेवर ते आकडा लिहिलेली कागदाची बारीक चिठ्ठी ठेवत.
आधी आकडे मोजायला लावतात. पाच, सहा... आणि गप्प. प्रवाह काढला की पुन्हा सुरू. हा स्पीच अरेस्ट, सरळ ‘बोलणं मध्येच थांबणं’ म्हणा. मग चित्रं दाखवतात आणि उत्तर पूर्ण वाक्यात घेतात: ‘ही छत्री आहे.’ पेशंट ‘ही... ही...’ म्हणत राहिला, म्हणजे तोंड चालतंय पण नाव हाती लागत नाही, तर तो अनोमिया. त्याला ‘नाव न सापडणं’. एकदा अडलं म्हणून ती जागा लगेच भाषेची ठरत नाही. साधारण तीनदा तपासतात, त्यातल्या दोनदा तरी अडावं लागतं.

रामभाऊ
थांबा, अस्मिताताई. तो ‘ही’ म्हणाला? मग छत्री स्त्रीलिंगी हे त्याला सापडलेलंच आहे! इंग्रजीत ‘धिस इज अ’ कुठल्याही वस्तूला चालतं. आपल्याला तोंड उघडण्याआधीच हा, ही की हे ठरवावं लागतं.

अस्मिता_वाचोपचार
अगदी. शब्दाचं लिंग आणि शब्दाचा आवाज मेंदूत एकाच वेळी हाती लागतात असं नाही. 1995 साली एका इटालियन रुग्णाचा अभ्यास छापून आला. वस्तूचं नाव त्याला सांगता येत नसे, पण ते पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे बरोबर सांगे. म्हणून मराठी पेशंट नुसता अडखळला तर मी ‘अडला’ एवढंच लिहीत नाही, ‘ही’वर अडला की ‘हे’वर तेही लिहिते. छत्रीला ‘हे...’ म्हणून थांबला तर निष्कर्ष जपून. विचारणाऱ्याने ‘हे काय आहे?’ म्हटलेलं असतं, तेच ‘हे’ परत आलेलं असू शकतं.

वऱ्हाडी_पोट्टा
मग ‘याला काय म्हणतात?’ विचारा ना. लिंगाची भानगडच नाही.

अस्मिता_वाचोपचार
विचारतो की. पण मग ती जास्तीची माहिती हातची जाते. मला पहिली रीत बरी वाटते.

वऱ्हाडी_पोट्टा
बरं, आमच्याकडे बटाट्याला आलू म्हणतात. पुण्याची मॅडम चूक धरेल काय?

अस्मिता_वाचोपचार
धरली तर तिचीच चूक. म्हणून तर आदल्या दिवशी सगळी चित्रं दाखवून घेतात. पेशंट जे म्हणेल तेच त्याचं बरोबर उत्तर. जिथे तेव्हाच अडला ते चित्र यादीतून बाद, म्हणजे टेबलावरची चूक प्रवाहामुळे झाली असं म्हणता येतं.

निखिल_टोरांटो
दोन भाषांचं काय? काका ऑफिसात इंग्रजी बोलत असतील तर?

अस्मिता_वाचोपचार
रोजच्या वापरातल्या सगळ्या भाषा तपासाव्यात. ओजमन आणि व्हिटेकर या संशोधकांनी 1978 मध्येच दाखवलं की काही जागांवर एक भाषा अडते, दुसरी चालू राहते. आणखी एक, मीनलताई: नंतर भेटायला येणारे म्हणतील, ‘बोलतात की छान, शुभंकरोति अख्खं म्हटलं!’ पाठ असलेलं, वार, महिने, पाढे, हे बऱ्याचदा शाबूत राहतं आणि समोरच्या किल्लीचं नाव मात्र येत नाही. म्हणून कागदावर ‘बोलता येणे’ हा शब्द मोघम ठेवू नका. पहिले काही दिवस बोलणं आधीपेक्षा बिघडलेलंही असू शकतं. बऱ्याच जणांचं पुढच्या आठवड्या-महिन्यांत सुधारतं, आणि तेव्हा तीच चित्रं परत दाखवतात.

मीनल_ठाणे
लिहिलं: ‘तपासणीत काही क्षण बोलणं मध्येच थांबेल, किंवा बोलता येईल पण वस्तूचं नाव सापडणार नाही. प्रवाह काढल्यावर ते परत येतं.’ काका पाण्याच्या पेल्याला ‘भांडं’ म्हणतात, तेही सांगून ठेवू का?

अस्मिता_वाचोपचार
नक्की सांगा. पेला ‘हा’, भांडं ‘हे’. आणि चष्मा लागत असेल तर आदल्या दिवशी तोच घालून चित्रं बघू देत.