सृष्टीत देव दिसतो, एवढे ख्रिस्ती विश्वासाला पुरेसे आहे का?

नगरकर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी आमच्या प्रार्थनामंदिरात बायबलमधील १९ व्या स्तोत्रावर उपदेश झाला. ‘आकाश देवाचा महिमा वर्णिते’ हे पहिले वचन घेऊन पाळकसाहेब पाऊण तास डोंगर, धबधबे आणि पाखरे यांविषयी बोलले, परंतु सातव्या वचनापर्यंत पोहोचलेच नाहीत. तिथे स्तोत्रकर्ता आकाशावरची नजर काढून परमेश्वराच्या नियमशास्त्राकडे वळतो आणि शेवटी स्वतःच्या गुप्त दोषांची क्षमा मागतो. ही क्षमा आकाशाकडे मागता येत नाही, आणि माझा मुद्दा नेमका हाच आहे.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो, की देवाचे सनातन सामर्थ्य निर्मिलेल्या वस्तूंवरून स्पष्ट दिसते. पण त्यावरून तो काढतो तो निष्कर्ष सांत्वनाचा नसून ‘माणसाला सबब उरली नाही’ असा आरोपाचा आहे. १९३४ साली प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ एमिल ब्रुनर यांनी निसर्गातून होणाऱ्या देवज्ञानाला थोडी जागा ठेवावी असे सुचवले, तेव्हा त्यांचेच समकालीन धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी आपल्या उत्तराला ‘नाही!’ एवढेच शीर्षक दिले. जर्मनीतील काही ख्रिस्ती मंडळी त्या काळी रक्त, वंश आणि मातृभूमी यांतही देवाची इच्छा वाचू लागली होती, हे लक्षात घेतले म्हणजे तो शब्द इतका कठोर का होता ते कळते. ख्रिस्ताला बाजूला ठेवून निसर्ग वाचू लागले, की माणूस बहुधा आपलीच इच्छा त्यात वाचतो.

वसईची लेक

बार्थ यांचे भय खरे होते, परंतु रोग जर्मनीच्या राजकारणाचा आणि पथ्य साऱ्या जगाला, असे होऊ नये. प्रभू येशूने स्वतः आकाशातील पाखरांकडे आणि रानातील भुकमळांकडे बोट दाखवले. (भुकमळ म्हणजे नेमके कोणते फूल, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.) निर्मिलेल्या वस्तूंवरून बुद्धीच्या प्रकाशात देवाला ओळखता येते, असे आमच्या कॅथलिक परंपरेत १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्टपणे मांडले आहे.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. आगेऱ्याच्या, म्हणजे आमच्या सुगीच्या, सणाला ती नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी पदराखाली झाकून चर्चमध्ये नेई आणि फादरांनी आशीर्वाद दिल्यावर त्यातले चार दाणे सोलून आम्हां मुलांच्या हातावर ठेवी. तिला क्षमा ठाऊक नव्हती, असे आपण म्हणाल का? शिवाय सृष्टी देवाची आहे असे मानणारा तिचा विध्वंस मुकाट्याने पाहू शकत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उभे राहिले, ते धर्म सोडून नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रात हेच जगापुढे मांडले. आमच्या गावांत मात्र विहिरी खाऱ्या होऊ लागल्या, तेव्हाच ते कळले होते.

औसेकर

दोघांचेही वाचले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा मी औशात शिक्षक होतो आणि दुसऱ्या दिवशी मदतीच्या ट्रकबरोबर किल्लारीत गेलो. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते. ढिगाऱ्यातून काढलेल्या एका मुलाच्या सदऱ्यावर गुलाल तसाच होता. जे आकाश महिमा वर्णिते, त्याच्याच खालच्या जमिनीने हे केले. तेव्हापासून सूर्योदय दाखवून ‘पाहा देव’ म्हणणाऱ्याचे मला ऐकवत नाही. बायबलमधील एलीया संदेष्ट्याच्या कथेत वारा सुटला, भूमिकंप झाला, अग्नी आला, पण परमेश्वर त्यांत नव्हता, असे शास्त्रच सांगते. तो शांत, मंद वाणीत आला.

वसईची लेक

आपण पाहिलेल्या गोष्टीपुढे वाद घालण्याची माझी योग्यता नाही. तरी एक विचारते. तिथे बहुतेक माणसे दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवद अंगावर कोसळून गेली, म्हणजे त्या मृत्यूंचा सारा भार सृष्टीवर टाकता येईल का?

औसेकर

सारा नाही. पण जमीन हलली नसती, तर माळवद पडले नसते.

नगरकर (धागाकर्ता)

औसेकरांचा अनुभव माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वापरणे मला प्रशस्त वाटत नाही. आजीविषयी मात्र माझे उत्तर असे, की तिला क्षमा ठाऊक होती ती मिस्सेतून, म्हणजे चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या उपासनेतून, आणि क्रुसावरून. लोंब्या तिने त्या क्षमेपाशी नेल्या, लोंब्यांतून ती काढली नाही. हा क्रम मान्य असेल, तर आपल्यातला मतभेद मला वाटत होता तेवढा मोठा नाही. एक शंका उरते. ज्या वर्षी पावसाने पीक बुडते, त्या वर्षी आगेऱ्याला आपण काय नेता?

वसईची लेक

क्रमाविषयी विचार करून लिहीन, कारण आजी आधी शेतात जाई आणि मग चर्चमध्ये. शंकेचे उत्तर सोपे आहे. एका वर्षी परतीच्या पावसात आमचे भात आडवे झाले, तेव्हा आजीने चिखलातून काळ्या पडलेल्या लोंब्या वेचल्या, त्यांतल्या काहींना मोडही आले होते, आणि फादरांनी त्यांवरच पवित्र पाणी शिंपडले. दाणे मात्र त्या वर्षी तिने आम्हांला खायला दिले नाहीत.