घरात पिस्तूल घ्यावे का? घरातील एकजण एच-१बी वर आहे (न्यू जर्सी)

सांजवारा

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. मला व यजमानांना ग्रीन कार्ड मिळालेले आहे, मुलगा तेरा वर्षांचा आहे, आणि माझे धाकटे दीर एच-१बी व्हिसावर असून ते आमच्याकडेच, बेसमेंटमध्ये राहतात. इतकी वर्षे या घरात बंदुकीचा विषयही निघाला नव्हता. परंतु ६ जानेवारी २०२१ रोजी संसदेच्या इमारतीवर चालून गेलेला जमाव टीव्हीवर पाहिला, पुढे जुलै २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील बटलर येथे ट्रम्प यांच्या सभेत झाडलेल्या गोळ्या पाहिल्या, आणि आता निवडणुकीची किंवा मोर्चाची कोणतीही बातमी आली की यजमान विचारतात, उद्या काही पेटले आणि पोलीस वेळेवर आले नाहीत तर आपल्याजवळ काय आहे? त्यांना पिस्तूल घ्यायचे आहे. दीर म्हणतात की निम्मे पैसे मी देतो आणि आपण तिघेही नेमबाजीच्या रेंजवर जाऊन शिकू. माझा विरोध आहे असे नाही, पण भीती बाहेरच्या जमावाची बाळगावी की कपाटात येणाऱ्या वस्तूची, हेच मला उमगत नाही. ज्यांनी हा निर्णय प्रत्यक्ष घेतला आहे किंवा विचारांती टाळला आहे, त्यांनी कृपया लिहावे. शस्त्र हवेच आणि शस्त्र नकोच या दोन्ही बाजूंची भाषणे घरात रोज होतात, ती इथे नकोत.

कायदेकानू

मी इमिग्रेशन वकिलांच्या कार्यालयात काम करतो. त्यामुळे पिस्तूल कोणते घ्यावे यापेक्षा तुमच्या दिरांचे वाक्य मला अधिक खटकले, आणि तिथूनच सुरुवात करतो.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक व काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई आहे. अपवाद आहेत, आणि त्यांतला सर्वांत प्रचलित म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. आपल्या लोकांचा समज असा असतो की मनाई फक्त विकत घेण्याला आहे. प्रत्यक्षात रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूल हातात धरणे हाही ताबाच ठरतो, त्यामुळे ‘तिघेही शिकू’ हा बेत दिरांपुरता आजच रद्द करावा. निम्मे पैसे देण्याचेही तसेच. खरेदीच्या वेळी भरावयाच्या ४४७३ क्रमांकाच्या अर्जात खरा खरेदीदार तुम्हीच आहात का, असा थेट प्रश्न असतो. मनाई असलेल्या व्यक्तीच्या वतीने केलेली खरेदी हा २०२२ च्या कायद्यापासून स्वतंत्र संघीय गुन्हा असून त्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ग्रीन कार्डधारकाला खरेदीचा अधिकार आहे, मात्र चूक झाली तर तिची किंमत त्याला नागरिकापेक्षा जास्त मोजावी लागते. शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरणे हे देशाबाहेर काढले जाण्याचे स्वतंत्र कारण आहे. त्याच अर्जात गांजाविषयीही प्रश्न असतो, आणि राज्याने परवानगी दिली असली तरी संघीय कायद्याने तो बेकायदेशीरच आहे, असा इशारा तिथेच छापलेला असतो. न्यू जर्सीत गांजा दुकानात मिळतो म्हणून अनेकजण हे वाक्य वाचतही नाहीत.

तुमच्या राज्यात पिस्तुलासाठी पोलिसांकडून वेगळा खरेदी परवाना घ्यावा लागतो, तोही प्रत्येक पिस्तुलाला स्वतंत्र. बोटांचे ठसे, ओळख देणाऱ्या दोन व्यक्तींची नावे, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासण्यास संमती आणि २०२२ मध्ये झालेल्या कायद्यापासून प्रशिक्षणही, असा तो सगळा प्रवास आहे. म्हणजे आज बातमी पाहिली आणि उद्या पिस्तूल आणले, असे तिथे होत नाही. माझ्या मते ते बरेच आहे.

नेमबाज (ह्यूस्टन)

मी नागरिक आहे, दोन पिस्तुले बाळगतो आणि दर महिन्याला रेंजवर जातो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र प्रौढांना पिस्तूल जवळ बाळगण्यासाठी परवान्याचीही गरज राहिलेली नाही, तरीही मी परवाना काढला, कारण त्यानिमित्ताने कायद्याचा वर्ग आणि नेमबाजीची चाचणी होते.

पहिल्या वर्गाचा बराच वेळ गोळी न झाडताच जातो, आणि तो तसाच जायला हवा. नळी नेहमी सुरक्षित दिशेला ठेवून आधी मॅगझिन (गोळ्यांचा खोका) काढायचे, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून अडकवायची, चेंबर (गोळी बसते तो कप्पा) डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळी घालून चाचपायचे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन नंतर काढले, तर चेंबरमध्ये नवी गोळी जाऊन बसते आणि मनात मात्र मॅगझिन काढल्याचे समाधान असते. ‘रिकामे आहे असे वाटले’ म्हणून होणारे पुष्कळ अपघात असेच घडतात. ट्रिगरवरचे बोट नेम धरून झाल्याशिवाय आत जाऊ द्यायचे नाही, ते पिस्तुलाच्या चौकटीवर सरळ ठेवायचे, आणि ही सवय हाताला लागेपर्यंत प्रशिक्षक पुन्हा पुन्हा टोकत राहतो. वहिनींनी शिकायला जाताना बंद गळ्याचा सदरा घालावा. झाडलेल्या काडतुसाचे तापलेले पितळी टरफल उडून गळ्यातून आत पडते, माणूस दचकून वळतो आणि त्याच्याबरोबर भरलेले पिस्तूलही शेजाऱ्याकडे वळते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या विटांच्या भिंतींची सवय असणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. इथल्या घरांच्या आतल्या भिंती लाकडी चौकटीला जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात, आणि पिस्तुलाची गोळी त्यातून सहज आरपार जाते. जिन्याच्या दिशेने झाडलेली गोळी मुलाच्या खोलीत जाते का, हे घराचा नकाशा समोर ठेवून आधीच पाहावे.

शिकायला आधी जावे आणि विकत नंतर घ्यावे, एवढे माझे ठाम मत आहे. यजमान दोन-तीन महिने नियमित रेंजवर गेले तर त्यांचा निर्णय भीतीने घेतलेला राहणार नाही, मग तो कोणताही असो.

जुना लॉस एंजेलिसकर

२९ एप्रिल १९९२ ला इथली दंगल सुरू झाली तेव्हा मी याच शहरात होतो. कोरियाटाउनमध्ये दुकानदार बंदुका घेऊन छपरांवर बसले, ती छायाचित्रे आजही शस्त्रबाजूचे लोक दाखवतात, आणि पोलीस त्या भागात फिरकत नव्हते हेही खरेच आहे. त्या छायाचित्रांबरोबर न सांगितली जाणारी गोष्ट अशी की त्याच भागात दुकाने राखायला गेलेला अठरा वर्षांचा एक कोरियन-अमेरिकन मुलगा गोळी लागून मेला, आणि ती गोळी त्याला लुटारू समजलेल्या त्याच्याच समाजातील माणसाची होती. अंधार, धूर आणि अफवा यांत आपला कोण हे शिकलेल्या माणसालाही कळत नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये विस्कॉन्सिनच्या केनोशात दंगलीच्या वेळी एक सतरा वर्षांचा मुलगा मालमत्ता राखायला म्हणून रायफल घेऊन रस्त्यावर उतरला. दोन माणसे मेली, एक जखमी झाला. पुढे तो निर्दोष सुटला, पण त्यासाठी खटल्याला उभे राहावे लागलेच. ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाने ती वाट कल्पनेतही धरू नये. तुमच्या न्यू जर्सीत घराबाहेर सुरक्षितपणे मागे हटणे शक्य असेल तर प्राणघातक बळ वापरता येत नाही, आणि केवळ गाडी किंवा दुकान वाचवण्यासाठी तर नाहीच. आम्ही त्या वेळी गाडीची टाकी भरून, पासपोर्ट व कागदपत्रे पिशवीत घालून दोन रात्री सॅन डिएगोला मित्राकडे काढल्या. त्यात कुणाला पराक्रम दिसणार नाही.

ओपीडी

मी ओहायोत इमर्जन्सी विभागात डॉक्टर आहे. २०२३ मध्ये या देशात बंदुकीने ४६,७२८ माणसे मेली, त्यांपैकी सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. म्हणजे घरात आलेली बंदूक ज्या माणसावर चालण्याची शक्यता गृहीत धरायला हवी, तो बहुधा त्याच घरात राहतो. अन्य मार्गांनी केलेल्या प्रयत्नांतून बहुतेक माणसे वाचतात, बंदुकीने केलेल्या प्रयत्नांत दहापैकी जवळपास नऊ जातात. तुमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. येत्या पाच-सहा वर्षांत परीक्षा, मैत्री, प्रेमभंग हे सगळे याच घरात होणार आहे, आणि मुलांना तिजोरीचा आकडा माहीत नसतो हा आईवडिलांचा गोड गैरसमज असतो. नोकरी जाणे आणि व्हिसाची टांगती तलवार यांनी खचलेली मोठी माणसेही मी पाहिली आहेत, म्हणून दिरांनाही या हिशेबात धरावे. घरात कुणाचे मन ठीक नसेल तर त्या काळात शस्त्र घराबाहेर ठेवण्याची सोय आधीच ठरवून ठेवा.

सांजवारा

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांना सगळे वाचून दाखवले. दिरांचे पैसे आणि रेंज दोन्ही रद्द झाले. कायदेकानूंना दोनच प्रश्न आहेत. पुढेमागे पिस्तूल आलेच, तर दीर त्याच घरात राहतात यावरून काही अडचण येईल का? आणि आम्ही दरवर्षी पुण्याला जातो, तेव्हा ते कुठे ठेवायचे?

कायदेकानू

ताबा म्हणजे केवळ हातात धरणे नव्हे. वस्तू कुठे आहे हे ठाऊक असणे आणि ती हवी तेव्हा घेता येणे, एवढ्यावरही ताबा सिद्ध होऊ शकतो. म्हणून पिस्तूल आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलुपांत, तुमच्या शयनगृहात ठेवावीत. त्यांचा आकडा किंवा किल्ली दिरांकडे नसावी, आणि काडतुसांचा खोका बेसमेंटमध्ये ‘तात्पुरता’सुद्धा ठेवू नये. तुम्ही दोघे पुण्याला आणि दीर एकटे घरी, ही स्थिती सर्वांत नाजूक आहे. त्याबाबत वकिलाशी बोलून लेखी सल्ला घ्या आणि तोपर्यंत खरेदी थांबवा.

रेंजवर जाताना पिस्तूल रिकामे करून बंद पेटीत किंवा गाडीच्या डिकीत कुलुपात न्यावे, आणि वाटेत विनाकारण थांबू नये. हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्क शहरात गेलात तर तुमच्या राज्याचा परवाना तिथे चालत नाही. शिवाय रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना कधीही वापरू नका. कप्प्यात विसरलेले एकच काडतूस विमानतळावर सापडले तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि पुढे ते नकळत राहिले होते हे न्यायालयाला पटवून देण्यात अख्खी सुट्टी जाते.