फौजी भावासाठी चाकू: जाड कार्बन पोलाद की हलकं स्टेनलेस?

सातारी_थोरला
धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. पुढच्या महिन्यात त्यांची तुकडी अरुणाचलात वर डोंगरात जाणार. फोनवर त्याने एवढंच मागितलं, "दादा, एक भरवशाचा चाकू बघ. घडीचा नको, आणि गेल्या वेळसारखा नको." कंपनी हवालदार मेजरांना त्याने विचारलंय, त्यांची हरकत नाही. खर्चाची तयारी आठ-दहा हजारांची.

"गेल्या वेळसारखा" म्हणजे काय ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मीच ऑनलाइन मागवून एक चाकू दिला होता. दिसायला दणकट, पातं काळं, मूठ रबरी. बांबू चिरताना तो मुठीपाशी कट्कन मोडला. पुढचे तीन आठवडे पोराने लंगरच्या भाजीच्या सुरीवर काढले. सुट्टीत आला तेव्हा दोन्ही तुकडे घेऊन आला. मी मूठ उकलली. आत पातं जेमतेम अंगठ्याएवढं गेलेलं, त्याला पुढे एक सळई वेल्डिंगने जोडलेली. मोडलेल्या जागी खडीसाखरेसारखे चमचमणारे कण. मी पाठवलेली वस्तू त्याच्या हातात मोडली, हे अजून मनातून जात नाही.

म्हणून या वेळी माझं पक्कं ठरलंय. कार्बन पोलाद, 1095 किंवा 5160 प्रकारचं, पातं पाच इंच, जाडी पाच-सहा मिलिमीटर, आणि पातं मुठीच्या टोकापर्यंत अख्खं गेलेलं. गंज पुसता येतो, मोडलेलं पातं जोडता येत नाही. स्टेनलेसच्या बाजूचे असाल तर माझं काय चुकतंय ते सांगा.

निवृत्त_हवालदार
भाऊ, तुझी कळकळ पोचली. पण चाकू चुकीचा निवडतोयस.

बावीस वर्षं नोकरी केली, त्यातली सात ईशान्येत. तिथे बांबू चाकूने चिरायचाच नसतो. त्यासाठी दाव असतो, म्हणजे तिथला कोयता. तिथल्या मिश्मी आदिवासींच्या कमरेला बघ, लांब सरळ दाव. एक घाव आणि बांबू खाली. पलटणीतही तोडायची हत्यारं वेगळी मिळतात. चाकूचं काम काय? दोरी कापणं, पाकिटं-डबे उघडणं, काडी-ढलपे काढून चूल पेटवणं, बटाटा-कांदा, बुटाची नाडी भिजून आवळली तर ती कापणं. एकदा जखमी जवानाची पँट मांडीपासून खालपर्यंत फाडायला मी चाकूच वापरला. सहा मिलिमीटरच्या पात्याने बटाटा चिरून बघ. कापला जात नाही, मधेच फुटतो.

आणि गंज. साताऱ्याच्या पावसावरून तिथला अंदाज करू नकोस. अंगावरचे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. कातडी म्यानात रात्रभर राहिलेल्या कार्बन पात्यावर सकाळी चहाचे डाग पडल्यासारखे डाग असतात. दमलेला माणूस रोज तेल लावणार नाही, हे स्वतःवरून सांगतो. वजनही बघ. रायफल, मॅगझिन, पाणी, शिधा, वर पाव किलोहून जड चाकू कशाला?

स्वीडनच्या हवाई दलाने 1995 पासून वैमानिकांना दिलेला फेलक्निव्हेन एफ-1 चाकू बघ. पातं 97 मिलिमीटर, जाडी साडेचार, पोलाद व्हीजी-10. म्हणजे स्टेनलेस. जिवाशी गाठ असताना त्यांनी ते निवडलं. तो तुझ्या पैशात बसणार नाही. माझं ऐक, मोरा या स्वीडिश कंपनीचे जाड पात्याचे स्टेनलेस चाकू दोन घे. एक पट्ट्याला, एक पाठीवरच्या पिठ्ठूत. मोडला तर दुसरा आहे.

भट्टीवाला
भोसरीत हीट ट्रीटमेंटचं काम करतो. दोघेही पोलादाच्या नावावर भांडताय, म्हणून लिहितोय.

सातारीदादा, ते खडीसाखरेसारखे कण म्हणजे भट्टी जास्त तापल्याची खूण. पाणी द्यायच्या, म्हणजे तापलेलं पोलाद झटकन थंड करायच्या आधी ते गरजेपेक्षा तापवलं किंवा जास्त वेळ तापत ठेवलं की आतले कण फुगतात. असं पोलाद कडक होतं, पण काचेसारखं. नीट पाणी दिलेलं पातं मोडलंच तर मोडलेली जागा राखाडी आणि रेशमासारखी बारीक दिसते. म्हणजे तुमचा चाकू भट्टीतच मेला होता. आखूड शेपटीने, म्हणजे पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागाने, फक्त मोडण्याची जागा ठरवली.

1095 मध्ये कार्बन साधारण 0.95 टक्के. धार सुरेख घेतं, पण भट्टीत चूक खपवून घेत नाही. 5160 म्हणजे गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पोलाद. कार्बन 0.6 च्या आसपास, थोडं क्रोमियम, आणि धक्का सोसायला एक नंबर. नेपाळात खुकऱ्या ट्रकच्या पाट्यांपासून घडवतात त्या उगाच नाही. ऑस्ट्रियाच्या लष्कराचा ग्लॉक 78 चाकू घ्या. पोलाद स्प्रिंगचं, कडकपणा मुद्दाम कमी, रॉकवेल या कडकपणाच्या मापावर 55 च्या आसपास. धार लवकर बोथट होते, पण पातं वाकेल, मोडणार नाही. टिकाऊ म्हणजे काय, हे आधी ठरवायला हवं. धार टिकणं वेगळं, पातं टिकणं वेगळं. फौजेसाठी मी दुसरं निवडेन.

सध्या बाजारात स्वस्त डी-2 पोलादाचे चाकू भरपूर आलेत. कार्बन दीड टक्का, क्रोमियम बारा. धार खूप दिवस राहते, पण ते पोलाद मुळात डाय-पंचचं, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यांचं. बांबूच्या पेरावर आडवा पीळ बसला की धारेचे टवके जातात. ते टाळा.

घरी करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. सहा मिलिमीटरची पितळी सळई घ्या. पात्याची धार तिच्यावर तिरकी टेकवून हलका दाब द्या. धार किंचित लवताना दिसेल. दाब काढल्यावर सरळ झाली तर पाणी बरोबर. लवलेलीच राहिली तर मऊ, टवका उडाला तर जास्त कडक. आमचे उस्ताद तपासणीचा कागद वाचायच्या आधी हेच करायचे.

सॅन_डिएगोहून
माझा भाचा अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये आहे. "पातं टोकापर्यंत अख्खंच हवं" हा आग्रह मला पटत नाही. मरीननी 1942 मध्ये घेतलेला का-बार चाकू बघा. सात इंची पातं, कार्बन पोलाद, आणि मुठीत जाते ती निमुळती शेपटी. तिच्यावर चामड्याच्या चकत्या ओवलेल्या, शेवटी लोखंडी टोपी. रुंद शेपटी नसूनही ऐंशी वर्षांवर चाललाय.

पातं आणि शेपटी जिथे मिळतात तो खांदा काटकोनात कापलेला असेल तर तडा तिथून सुरू होतो. गोलाई दिलेली असेल तर जोर पसरतो. विकत घेताना हे विचारा. पण का-बार अरुणाचलात न्या असं मी म्हणणार नाही. चामड्याची मूठ पाणी पिते.

जवानाची_पत्नी
सगळे पात्यावर बोलताय, म्यानाचं कोणी बोललं नाही. आमच्या ह्यांचा चांगला महागाचा चाकू ओढा ओलांडताना वाहून गेला. कातडी म्यान भिजून सैल पडलं होतं, बटण केव्हा सुटलं कळलंच नाही. आता प्लॅस्टिकचं म्यान आहे. चाकू आत गेला की टक् आवाज येतो, आणि उलटं धरून हलवलं तरी पडत नाही. तळाला पाणी निथळायला भोक आहे. दादा, घेताना म्यान उलटं करून हलवून बघाच.

कायदा_बघून_घ्या
दोनच गोष्टी. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रांच्या यादीत येतं. पाच इंचीला ती अडचण नाही. आणि विमानाने जाणार असेल तर चाकू हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या सामानात टाका.

सातारी_थोरला
सगळ्यांचे आभार. हवालदारसाहेब, बटाट्याचा मुद्दा मान्य. घरच्या जाड चाकूने चिरून पाहिला, फुटलाच. जाडी चार मिलिमीटरवर आणतो. ताई, म्यान प्लॅस्टिकचंच घेणार.

पण स्टेनलेसवर मन बसत नाही. वर डोंगरात धार गेली तर तो काय करणार? कार्बन पातं नदीतल्या गोट्यावरही पाजळता येतं. व्हीजी-10 पाजळायला जास्त वेळ लागतो म्हणतात. आणि दोन मोरा घे म्हणता, तर त्याची शेपटीही मुठीत पूर्ण जात नाही. मला नेमकी तीच भीती आहे.

निवृत्त_हवालदार
मोराचं स्टेनलेस व्हीजी-10 नव्हे, बरंच मवाळ असतं. मी चिनी मातीच्या कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पाजळलंय. दहा-बारा हात मारले की केस कापते. शेपटीचं म्हणशील, तर जे काम चाकूचं नाहीच ते करू नको, असं धाकट्याला सांग. तुझी भीती एका वाईट चाकूची आहे. तिच्यापायी पोराच्या कमरेला वजन बांधू नकोस.

सातारी_थोरला
साहेब, त्याला सांगेन. पण रात्री पावसात हाताशी असेल तेच तो वापरणार. दाव दुसऱ्या तंबूत असला तर चाकूनेच फोडणार, मी ओळखतो त्याला. मला त्या रात्रीसाठी चाकू हवाय. तेलाची छोटी बाटली आणि मेणकापडाचा तुकडा सोबत देतो. 5160 वर ठाम आहे. कोल्हापुरातल्या एका कारागिराने चार मिलिमीटरचं, खांद्याला गोलाई दिलेलं पातं तयार ठेवलंय. मूठ अजून बसवलेली नाही, शेपटी उघडी बघायला मिळेल. भट्टीवाले दादा, रविवारी ते घेऊन भोसरीला आलो तर बघाल का?

भट्टीवाला
रविवारी आमची भट्टी चालू असते, बोलायला उसंत नसते. गुरुवारी या, सुट्टी असते. रॉकवेलच्या मशीनवर तीन ठिकाणी कडकपणा मोजू, मग सळईवर धार बघू. आणि तो मोडका तुकडाही आणा, दोन्ही शेजारी ठेवून बघायचेत.