मदत हवी आहे : बर्गनमध्ये एक दिवस, सोबत गुडघेदुखी असलेली आई

नॉर्वेच्या क्रूझमध्ये जहाज बर्गनला सकाळी 8 वाजता लागतं, परत चढायची वेळ दुपारी 4:30. आई सपाट रस्त्यावर अर्धा तास चालते, जिने मात्र नकोत. स्कोल्टेन धक्का मिळाला तर ब्रुग्गेन (बंदरावरची जुनी लाकडी घरं) चालत गाठता येतं. येक्तेविकेन हा दुसरा धक्का मिळाला तर तिथून शटल बस. फ्लोयबानेन ही डोंगरावर जाणारी रेल्वे आधी उरकलेली बरी, बाकी जहाजं रिकामी झाली की नुसती रांग. पण वरचं ठिकाण 320 मीटरवर, सकाळी ढग असले तर शहर दिसणारच नाही (आणि बर्गनचा पाऊस!). मग क्रम उलटा करावा का? डब्यापर्यंतच्या पायऱ्या टाळता येतात का? ब्रुग्गेनच्या बोळांतल्या ओल्या फळ्यांवर काठी घसरते का? आणि मासळीबाजाराजवळ गरम शाकाहारी जेवण कुठे मिळेल?