गाडीत पेनड्राइव्हवरून फ्लॅक वाजवण्यात अर्थ आहे का?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

परवा एका मित्राने माझ्या गाडीतला पेनड्राइव्ह उघडून पाहिला. म्हणाला, "सगळं फ्लॅक? धावत्या गाडीत कुणाला फरक कळणार आहे? ३२० च्या एमपीथ्रीत करून टाक, दुपटीहून जास्त गाणी मावतील." फ्लॅक आणि एमपीथ्री हे गाणी साठवण्याचे दोन फाइल-प्रकार, आणि ३२० म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट. तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. ते इथे नीट मांडतो. तुम्हाला पटत नसेल तर खोडून काढा.

संग्रह बहुतेक माझ्या स्वतःच्या सीडींमधून उतरवलेला आहे. सीडीवरचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. तासाभराला साधारण ६३५ एमबी होतात. फ्लॅक तेच निम्म्या-साठ टक्के जागेत बसवतो आणि वाजवताना बिट न् बिट परत देतो. एमपीथ्री मात्र जे कानाला जाणवणार नाही असं त्याला वाटतं ते काढून टाकतो, आणि काढलेलं कधीच परत येत नाही. १२८ च्या फाइलमध्ये तंबोऱ्याची जवारी (तारांची झणझण) पाण्यातून आल्यासारखी लागते, हे मला डोळे मिटून कळतं. ३२० ला तसं होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

मग फ्लॅकचा हट्ट का? एक म्हणजे वाट सरळ राहते. फोनवरून ब्लूटूथने गाणं लावलं, की मुळातली एमपीथ्री फोन आधी उलगडतो, मग एसबीसी किंवा एएसी या दुसऱ्या पद्धतीत पुन्हा दाबून पाठवतो. दोनदा काटछाट. पेनड्राइव्हवर फ्लॅक असेल तर एकदाही नाही. दुसरं म्हणजे अखंडपणा. आलाप एका ट्रॅकवर आणि बंदिश पुढच्या ट्रॅकवर असते, मध्ये सूर तुटलेला नसतो. एमपीथ्री ११५२ नमुन्यांच्या (आवाजाच्या एकेका मोजमापाच्या) फ्रेममध्ये बांधलेली असते, त्यामुळे आगेमागे थोडी शांतता चिकटते. किती कापायची याची नोंद फाइलमध्ये असली तरी गाडीतले बरेच प्लेअर तिकडे बघत नाहीत. फ्लॅकमध्ये नेमके किती नमुने आहेत ते लिहिलेलंच असतं.

रस्तेवाला

तुमच्या मित्राच्या बाजूने बोलतो. मी दिवसाचे चार तास गाडीत असतो आणि एके काळी माझाही पेनड्राइव्ह फ्लॅकने भरलेला होता.

महामार्गाच्या वेगाला चांगल्या गाडीतही आत ६५ ते ७० डेसिबल आवाज असतो. शांत खोलीत तो ३० च्या आसपास असतो. सीडीची ९६ डेसिबलची मर्यादा कागदावर राहते, कारण खालचा अर्धा भाग टायर आणि वारा खाऊन टाकतात. त्यातही टायरची घरघर खालच्या पट्टीत असते, म्हणजे तुमचा खर्ज आणि तबल्याचा बायाँ आधी बुडतात. शिवाय चालक एका बाजूला, एक स्पीकर गुडघ्याशी आणि दुसरा पलीकडच्या दारात. चहूकडे काचा. अशा जागेत ३२० आणि फ्लॅक वेगळे ओळखतो असं कुणी म्हणालं, तर माझा विश्वास बसत नाही.

मी स्वतः तपासलंय. भावाला शेजारी बसवलं. एकाच सीडीवरून केलेल्या दोन्ही फाइली, आवाज सारखा जुळवून, कुठली चालू आहे ते मला न सांगता लावायला सांगितल्या. उभ्या गाडीत, इंजिन बंद. माझी उत्तरं जवळजवळ निम्मी बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. १२८ मात्र मी लगेच पकडली. तेव्हा घरी लॉसलेस (फ्लॅकसारखी काहीही न गमावणारी फाइल) ठेवा, त्याबद्दल दुमत नाही. गाडीसाठी त्यातूनच २५६ किंवा ३२० ची प्रत काढा.

मंद्रसप्तक

चाचणी मनापासून केलीत, त्याबद्दल आभार. निकालही मला मान्य आहे, कारण साध्या वाजवण्यात माझाही असाच आला असता.

पण एक गोष्ट त्या चाचणीत येत नाही. एमपीथ्री काय झाकलं जाईल याचा हिशेब मूळ ध्वनीवर करतो: अमुक जोरदार सूर आहे, त्याच्या शेजारचा बारीक खरखराट ऐकू येणार नाही, तो चालेल. गाडीत आपण तो हिशेबच बदलतो. घरघर बुडवायला बास वाढवतो, आवाज खुला यावा म्हणून ट्रेबल वाढवतो. अनेक सिस्टिममध्ये सराउंडचं बटण असतं. ते डाव्या-उजव्या वाहिन्यांतला फरक काढून मागच्या स्पीकरना देतं. झाकणारा सूर दोन्हीकडे सारखा असेल तर तो फरकात उरत नाही, आणि त्याच्या आड लपलेली घाण एकटी मागून येते. माझ्या गाडीत १९२ च्या फाइलीवर हे बटण दाबलं की टाळ्यांचा कडकडाट सळसळीसारखा होतो. फ्लॅकवर होत नाही.

रस्तेवाला

सराउंड बंद करा. ते बटण कुठल्याच फाइलीचं भलं करत नाही.

सोल्डर

गाड्यांत सिस्टिम बसवण्याचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून थोडं वेगळं सांगतो. माझ्याकडे परत आलेल्या तक्रारींत "आवाज पातळ आहे" अशी क्वचितच असायची. बहुतेक वेळा "गाणी दिसत नाहीत" हीच असायची. फ्लॅक की एमपीथ्री हे ठरवण्याआधी हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला प्लेअर, काय वाचतं ते बघा.

पहिली अडचण फॉरमॅटची, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या पद्धतीची. ३२ जीबीपेक्षा मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतात, आणि अनेक युनिटांना फक्त फॅट३२ कळतं. मोठा ड्राइव्हही फॅट३२ करता येतो, पण विंडोजची नेहमीची खिडकी वर्षानुवर्षं ३२ जीबीच्या वर तो पर्यायच दाखवत नव्हती, त्यामुळे लोकांना ते शक्यच नाही असं वाटतं. एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा आहे, तिचा गाण्यांशी संबंध येत नाही. पार्टिशन टेबल (ड्राइव्हच्या भागांचा तक्ता) जीपीटी या नव्या प्रकारचं असेल तर काही युनिटं ड्राइव्ह ओळखतच नाहीत, जुन्या प्रकारचं एमबीआर ठेवा.

दुसरी अडचण मॅकवरून कॉपी करणाऱ्यांची. प्रत्येक गाण्याबरोबर ठिपका आणि अधोरेषेने सुरू होणारी एक छोटी फाइल जाते. संगणकावर ती दिसत नाही, गाडीत दिसते, आणि प्रत्येक दुसरं गाणं "वाजवता येत नाही" म्हणून अडकतं. लोक ड्राइव्ह बदलतात, युनिट बदलतात, आणि दोष असतो त्या लपलेल्या फाइलींचा.

तिसरी, आपल्या भाषेची. टॅगमध्ये (फाइलीतच साठवलेल्या गाण्याच्या माहितीत) देवनागरीत रागाचं नाव लिहिलं की ज्या युनिटमध्ये तो फाँट नाही तिथे पडद्यावर नुसते चौकोन येतात. एवढी मेहनत करून टॅग भरणाऱ्यांचे चेहरे मी पाहिलेत, मलाही वाईट वाटतं. युनिट बदलेपर्यंत उपाय एकच, गाडीच्या प्रतीत फोल्डरची नावं तरी रोमन लिपीत ठेवा.

आणि २४ बिट १९२ किलोहर्ट्झच्या फाइली गाडीत आणू नका. बरीच युनिटं ४८ किंवा ९६ च्या पुढे वाजवतच नाहीत. वाजवली तरी आतला प्रोसेसर बहुधा खाली आणूनच पुढे देतो. १६ बिट ४४.१ चा फ्लॅक गाडीला भरपूर झाला. वेगवान महागड्या पेनड्राइव्हचीही गरज नाही. फ्लॅकला सेकंदाला १ मेगाबिटच्या आसपास लागतं, जुन्या यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता ४८० मेगाबिटची आहे.

मागचीसीट

तुम्ही सगळे एकट्याने गाडी चालवता असं वाटतंय. आमच्या गाडीत चार माणसं असतात आणि प्रत्येकाला वेगळं हवं असतं. नवऱ्याने हौसेने १२८ जीबीचा ड्राइव्ह फ्लॅकने भरला. गाडी सुरू केली की युनिट सगळं पुन्हा मोजत बसायचं, तोवर पडदा अडकलेला. मोजून झालं की हजारो नावांची यादी. चालवणारा ती यादी एका बोटाने सरकवत असताना समोर बघत नसतो, आणि मी मागे मुलांना धरून बसलेली असते. मला त्या वेळी बिटरेटचं काही पडलेलं नसतं.

मी तो ड्राइव्ह काढून ठेवला. तीस-चाळीस अल्बम निवडले, २५६ ची एएसी केली, प्रत्येकाचा एक फोल्डर. आता स्टिअरिंगवरच्या बटणाने पुढे-मागे होता येतं, पडद्याला हात लावावा लागत नाही. आवाजाबद्दल मुलांपैकी एकाचीही तक्रार नाही, त्यांच्या बाबांचीसुद्धा.

मंद्रसप्तक

मागचीसीट, तुमचं म्हणणं मी मनावर घेतलंय. यादी सरकवण्याचा धोका खरा आहे, आणि मीही तो पत्करत आलोय. पण तो गाण्यांच्या संख्येचा दोष आहे, फ्लॅकचा नाही. तीस-चाळीस अल्बम फ्लॅकमध्येही १६ जीबीत आरामात मावतात.

खर्ज

एक मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. "माझ्याकडे सगळं फ्लॅक आहे" म्हणणाऱ्यांनी आधी ते खरं फ्लॅक आहे का ते पाहावं. कुठून तरी मिळालेली १२८ ची एमपीथ्री फ्लॅकमध्ये रूपांतरित केली तर फाइल पाच-सहा पट मोठी होते, आवाज तोच राहतो. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज आहे याचं चित्र, काढा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास सगळं सुरीने कापल्यासारखं संपत असेल, तर ते बहुधा आधी दाबलेलं आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांत इतक्या वरच्या कंपनसंख्या मुळातच नसतात, तिथे मात्र या चित्रावरून निर्णय देऊ नका. फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाचा एमडी५ (त्या आवाजावरून काढलेला पडताळणीचा आकडा) साठवलेला असतो. त्यावरून कॉपी करताना फाइल बिघडली का ते कळतं, मूळ माल शुद्ध होता का ते कळत नाही. लोक या दोन गोष्टींत गल्लत करतात.

दुसरं, आवाजाची पातळी. दोन फाइलींपैकी किंचित मोठ्याने वाजणारी नेहमीच सरस वाटते. "फ्लॅकमध्ये जान आहे" असं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण दोन वेगवेगळ्या मास्टरिंगची (ध्वनिमुद्रणावरच्या शेवटच्या संस्कारांची) तुलना करत असतात. रस्तेवाल्यांनी आवाज जुळवून घेतला, म्हणून त्यांच्या चाचणीला मी किंमत देतो.

तरी माझं मत मंद्रसप्तक यांच्याकडेच झुकतं. जागा आता अडचण राहिलेली नाही. ६४ जीबीत पावणेदोनशे तासांच्या आसपास संगीत फ्लॅकमध्ये मावतं. दोन वेगळे संग्रह सांभाळण्याची यातायात कशासाठी?

रस्तेवाला

यातायात नाही, एक प्रोग्रॅम रात्रीत सगळं रूपांतरित करतो. आणि गाडीच्या प्रतीचा फायदा असा, की ती गाडीसाठी बेतता येते. ख्यालाची सुरुवात इतकी हळू असते की मी आवाज वाढवतो, आणि द्रुत आली की घाईघाईने कमी करतो. गाडीच्या प्रतीत मी हा चढउतार थोडा दाबून घेतो. मूळ फाइलीला हे करायचं माझ्या मनात येणार नाही, तीच तर माझी ठेव आहे.

उन्हात बंद गाडी आतून ६० अंशांच्या वर जाते. उष्णतेने फ्लॅश मेमरी लवकर थकते. माझे दोन ड्राइव्ह असे गेले. गेले ते प्रतीचे, म्हणून रडलो नाही.

मंद्रसप्तक

उष्णतेचं पूर्ण पटलं. मूळ संग्रह घरच्या डिस्कवर आहेच, गाडीतला ड्राइव्ह त्याची नक्कल आहे. पण ती जशीच्या तशी नक्कल असावी असं मला वाटतं, आणि त्याला कारण आहे. मीही दोन संग्रह ठेवून पाहिले होते. एका बाजूला राग चुकीचा लिहिलेला दुरुस्त केला, दुसरीकडे तसाच राहिला. वर्षभरात कुठली यादी खरी ते मलाच सांगता येईना, आणि सगळं पुन्हा तपासायला दोन महिने गेले.

शिवाय माझं ऐकणं धावत्या गाडीपुरतं नाही. मुलीला शिकवणीला सोडलं की पाऊण तास मी गाडीतच थांबतो. झाडाखाली, इंजिन बंद, काचा वर. अख्ख्या दिवसात मला मिळणारी सगळ्यात शांत जागा तीच आहे. तिथे रस्तेवाल्यांचे ६५ डेसिबल नसतात. त्या पाऊण तासात तंबोरा जसा मुद्रित झाला तसाच यावा, एवढीच माझी इच्छा आहे. तो ३२० मध्येही तसाच आला असता, हे मान्य करूनही मी ड्राइव्ह बदलणार नाही.

मागचीसीट यांचं ऐकून अल्बम मात्र चाळीसवर आणतोय. सोल्डर, एक विचारतो: फाइलींच्या नावात ०१, ०२ घातलंय तरी माझं युनिट ट्रॅक भलत्याच क्रमाने लावतं. आलापाच्या आधी द्रुत येते.

सोल्डर

तुमचं युनिट नावं बघत नाही, फॅटच्या तक्त्यात ज्या क्रमाने नोंदी झाल्या त्या क्रमाने वाजवतं. सगळा फोल्डर एकदम ओढून टाकला की संगणक कुठल्याही क्रमाने लिहू शकतो. ड्राइव्ह रिकामा करा आणि एकेक अल्बम, त्यातही एकेक ट्रॅक क्रमाने कॉपी करा. किंवा फॅटसॉर्ट नावाचं छोटं साधन आहे, ते फाइली न हलवता तक्ता लावून देतं. ते चालवायच्या आधी ड्राइव्हची एक प्रत काढून ठेवा.