बीट अंमलदार महिन्यातले किती दिवस बीटवर असतो? कोकणातील शहरांचे पोलीस संख्याबळ आणि लोकसहभाग

प्रश्न : खाडीकाठचा रहिवासी

आमचे शहर दक्षिण कोकणातील एक लहान नगरपरिषद आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला महामार्ग, आणि मधल्या जुन्या पाखाड्यांमध्ये (वस्त्यांमध्ये) निम्म्याहून अधिक घरे वर्षातले दहा महिने बंद असतात. मागील पावसाळ्यात आमच्या प्रभागातील दोन बंद घरे फुटली. फिर्याद नोंदवली गेली, पंचनामाही झाला. त्यानंतर जे लक्षात आले त्यामुळे हा प्रश्न विचारत आहे. ग्रामदेवतेच्या मंदिराबाहेर बीट अंमलदाराचे, म्हणजे पोलीस ठाण्याच्या हद्दीतील आमच्या भागाची (बीटची) जबाबदारी असलेल्या पोलिसाचे, नाव आणि भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेला जो फलक आहे, त्यावरचे नाव वर्षभरापूर्वी बदलून गेलेल्या हवालदाराचे होते, आणि त्यांच्यानंतर आमच्या बीटला तीन अंमलदार येऊन गेले, हे आम्हा रहिवाशांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

पुढील महिन्यात प्रभागातील नागरिकांची सभा आहे आणि तीत वरिष्ठांना द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा ठरणार आहे. काहींच्या मते फक्त पोलिसांची संख्या वाढवण्याची मागणी करावी, कारण माणसेच नसतील तर लोकसहभागाच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही. इतरांना वाटते की संख्या राज्य शासन ठरवते, तिथे आपला आवाज पोहोचणार नाही, म्हणून पोलिसांसोबत नियमित बसणाऱ्या रहिवाशांच्या मोहल्ला समितीसारखी एखादी समिती आपणच उभी करावी. मला स्वतःला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, पण नेमके काय मागावे ते सुचत नाही. एखाद्या शहरात पोलीस पुरेसे आहेत की नाहीत, हे सामान्य नागरिकाने कशावरून ओळखावे?

उत्तर १ : निवृत्त साहाय्यक फौजदार

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण तीस वर्षांच्या नोकरीत मंजूर बळाविषयी पुष्कळांनी विचारले, पण बीटवर माणूस किती दिवस असतो हे क्वचितच कोणी विचारले.

मंजूर संख्येतून आधी रिक्त पदे वजा होतात. त्यानंतर नेमणूक पोलीस ठाण्यात दाखवलेली पण काम मुख्यालयातील एखाद्या शाखेत करणारी माणसे, मग न्यायालयाचे काम, समन्स-वॉरंटची बजावणी, आरोपींची ने-आण (आरोपी पार्टी), पासपोर्टची पडताळणी, प्रशिक्षण, आजारपण आणि रजा. ठाणे अंमलदाराची खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची तर वर्षाचे ८,७६० तास होतात. साप्ताहिक सुट्या, रजा आणि प्रशिक्षण सोडून एका माणसाचे आठ तासांचे २६० दिवस हाती राहतात असे धरले, तर त्या एका खुर्चीसाठी चारहून अधिक माणसे लागतात. तेवढी नसतात, म्हणून बारा-बारा तासांची ड्यूटी लागते. मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो इतर ठाण्यांत नेण्यात आला. कोकणातल्या लहान ठाण्यात मात्र हे गणित जमवणे फार कठीण जाते. त्यातच १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसाहाय्यक (फॉरेन्सिक) पथकाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. हे बदल तपासाच्या दृष्टीने चांगलेच आहेत, पण प्रत्येक गुन्ह्यामागे लागणारे मनुष्यतास त्यामुळे वाढले, आणि ते कोणाच्या तरी बीटमधूनच काढले जातात.

आता लोकसहभागाविषयी माझा अनुभव सांगतो, कारण संख्याबळ आणि लोकसहभाग हे दोन वेगळे विषय नाहीत असे माझे ठाम मत आहे. माझ्या बीटमधील एका गावात शिमग्याच्या पालखीवरून दोन वाड्यांमध्ये जुना वाद होता. पालखी आधी कोणाच्या सहाणेवर बसायची आणि खांद्याचा मान कोणाचा, एवढाच विषय, पण त्यापायी डोकी फुटायची वेळ आलेली. त्या बीटवर मी सलग चार वर्षे होतो. कोणत्या घरातल्या वडीलधाऱ्याचा शब्द दोन्हीकडे चालतो आणि कोणता तरुण मुंबईहून आला की कुरापत काढतो, हे मला माहीत झाले होते. शिमग्याच्या तीन आठवडे आधी मी दोन्ही वाड्यांच्या मानकऱ्यांना एकत्र बसवत असे. दोन बैठका होत, पालखीचा मार्ग आणि वेळ कागदावर उतरत असे, आणि प्रत्यक्ष सणाला मी आणि एक शिपाई एवढे दोघे पुरत असू. माझी बदली झाली. नव्या अंमलदाराला दोनच महिन्यांत दुसरीकडे पाठवले गेले आणि बैठका झाल्याच नाहीत. त्या वर्षी त्याच पालखीला अधिकाऱ्यासह वीस जणांचा बंदोबस्त लावावा लागला.

हे वीस जण आले कोठून? शेजारच्या बीटमधून. म्हणजे ज्या दिवसांत त्यांनी आपापल्या गावच्या मानकऱ्यांशी बोलायचे, त्या दिवसांत ते आमच्या गावात काठी घेऊन उभे होते. ओळख तुटली की बंदोबस्त वाढतो, आणि बंदोबस्त वाढला की आणखी चार गावांची ओळख तुटते. हे चक्र मी डोळ्यांनी पाहिले आहे.

उत्तर २ : सिंधुदुर्गातील शिक्षिका

वरील अनुभवात मला आकड्यांच्या बाजूने एक भर घालावीशी वाटते. पोलीस पुरेसे आहेत की नाहीत हे सांगताना दर लाख लोकसंख्येमागे किती पोलीस, असे प्रमाण देण्याची पद्धत आहे. पोलीस संशोधन व विकास ब्युरोच्या आकडेवारीनुसार १ जानेवारी २०२० रोजी देशात एक लाख लोकसंख्येमागे सुमारे १९५ पदे मंजूर होती आणि प्रत्यक्षात सुमारे १५६ पोलीस होते. देशाची सर्वसाधारण स्थिती कळण्यासाठी हे प्रमाण उपयोगी आहे, पण कोकणात ते फसवे ठरते.

२००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. लोकसंख्येला भागून पाहिले तर आपल्याकडचे प्रमाण काहीही न करता आपोआप सुधारलेले दिसेल. मात्र जी माणसे मोजणीतून गेली, त्यांची घरे इथेच आहेत, कुलपे इथेच आहेत, आणि गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात ती सगळी परत येतात. त्यांच्या जोडीला पर्यटक येतात. सिंधुदुर्ग हा १९९७ साली घोषित झालेला देशातील पहिला पर्यटन जिल्हा आहे. आंब्याच्या बागांतील राखणदार आणि नौकांवरील खलाशी, ज्यांत नेपाळी कामगार पुष्कळ आहेत, ते हंगामापुरते येतात. मग कोणती संख्या धरायची? शिवाय घाटावरच्या गावासारखी आपली वस्ती एकवट नसते. एका गावाच्या दहा वाड्या, मध्ये डोंगर किंवा पऱ्या (ओढा), आणि समोर दिसणाऱ्या खाडीपलीकडच्या वाडीत जायला कधी कधी तासाभराचा वळसा. दोन शहरांचे लाखामागचे प्रमाण सारखे असले, तरी एकात गस्तीची मोटारसायकल दहा मिनिटांत पोहोचते आणि दुसऱ्यात पोहोचत नाही.

म्हणून निवेदनात लाखामागचे प्रमाण मांडू नये, असे मी सुचवीन. त्याऐवजी बंद घरांची संख्या, हंगामातील गर्दीचे आठवडे आणि बीटचे अंतर किलोमीटरमध्ये लिहावे. ही माहिती आपण रहिवासीच सर्वांत चांगली गोळा करू शकतो.

उत्तर ३ : ठाणे शहरात वकिली करणारा, मूळचा श्रीवर्धनचा

मोहल्ला समितीचा उल्लेख झाला आहे, तर तिचा उगम आपल्याच कोकण विभागात आहे हे ध्यानात घ्यावे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत, पुढे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात दोन्ही समाजांतील सामान्य रहिवाशांच्या समित्या उभ्या केल्या आणि पोलिसांना त्यांच्यासोबत नियमित बसवले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली, याचे श्रेय या समित्यांना दिले जाते. ते काम तणाव नसतानाच्या दिवसांत झाले होते, हे मला त्यातले मर्म वाटते. आपल्याकडच्या बहुतेक शांतता समित्यांची बैठक सणाच्या आदल्या आठवड्यात होते, तीच प्रतिष्ठित मंडळी येतात, चहा होतो आणि पुढची बैठक पुढच्या सणाला. तिला समिती म्हणावे, पण भिवंडीशी तिची तुलना करू नये.

केरळने २००८ मध्ये जनमैत्री सुरक्षा प्रकल्प सुरू केला. त्यात एका बीटमध्ये साधारण पाचशे घरे धरली जातात आणि बीट अधिकाऱ्याने त्यातील प्रत्येक घराशी ओळख करून घेणे अपेक्षित असते. हे माप आपल्या शहराला लावून पाहावे; आपल्या प्रभागात किती बीट असायला हवेत ते लगेच कळेल.

एक इशाराही देणे मला आवश्यक वाटते. तमिळनाडूत पोलिसांच्या मदतीला स्वयंसेवक घेण्याची योजना १९९३ पासून होती. २०२० मध्ये सातानकुलम येथे पितापुत्रांचा कोठडीत छळ होऊन मृत्यू झाल्यानंतर त्या प्रकरणात या स्वयंसेवकांवरही आरोप झाले आणि राज्य शासनाने त्या योजनेवर बंदी घातली. माणसे कमी आहेत म्हणून नागरिकांच्या हाती काठी आणि शिट्टी देणे, त्यांना लोकांची ओळखपत्रे तपासू देणे किंवा परप्रांतीय कामगारांच्या खोल्यांत शिरू देणे, हा लोकसहभाग नव्हे. आपल्या समितीने माहिती द्यावी, प्रश्न विचारावेत आणि उत्तरे मागावीत. पोलिसांचे अधिकार पोलिसांकडेच राहू द्यावेत.

आणखी एक उपयुक्त मुद्दा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२-न मध्ये अंमलदारांसाठी एका ठिकाणच्या नेमणुकीचा सर्वसाधारण कालावधी पाच वर्षे सांगितला आहे. म्हणजे नेमणूक एका ठाण्यात पाच वर्षे राहू शकते. त्या ठाण्याच्या आत बीट मात्र किती वेळा बदलायचे, हे प्रभारी अधिकाऱ्याच्या हाती असते. म्हणून बीट अंमलदार वारंवार बदलू नये, अशी मागणी आपण केली तर ती मंत्रालयापर्यंत जाण्याची गरज नाही, ती इथेच मान्य होऊ शकते.

उत्तर ४ : बंदरावर मासळीचा व्यवसाय करणारी

माझे म्हणणे थोडक्यात मांडते. आमच्या बंदरावर सागर रक्षक दलाच्या, म्हणजे किनारा सुरक्षेत पोलिसांना मदत करणाऱ्या स्थानिक स्वयंसेवक मुलांची आठवण सागर कवच या किनारा सुरक्षेच्या सरावाच्या दिवशी होते आणि सराव संपला की कोणी त्यांना विचारत नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांची स्फोटके रायगडमधील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अनोळखी होडी सर्वांत आधी मच्छीमाराला दिसते, पण ती कोणाला सांगायची? ११२ वर कळवता येते, आणि तातडीच्या प्रसंगी कळवावेच. तरीही खात्री नसलेली, नुसती शंका असलेली गोष्ट माणूस ओळखीच्या पोलिसालाच सांगतो.

दुसरे, समितीच्या बैठका रात्री आठ वाजता ठाण्यात ठेवू नयेत. त्या वेळी आम्ही बायका येऊ शकत नाही, आणि ठाण्याची पायरी चढली की वस्तीत चार प्रश्न होतात. लिलाव आटोपल्यावर बंदरावरच्या शेडमध्ये बीट अंमलदार अर्धा तास बसला, आणि सोबत महिला पोलीस असली, तर दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यापासून खलाशांच्या थकलेल्या पगारापर्यंत सगळे त्याच्या कानावर जाईल. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नौका किनाऱ्याला असतात आणि पुरुषही घरी असतात. नवीन अंमलदाराने ओळख करून घ्यायला याहून चांगले दोन महिने नाहीत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचा मनापासून आभारी आहे. रिक्त पदे भरण्याची मागणी आम्ही सोडणार नाही, ती निवेदनात पहिल्या परिच्छेदात राहील. पण तिच्यासोबत, आमच्या बीटचा अंमलदार किमान दोन वर्षे बदलू नये, बदलल्यास आठ दिवसांत फलकावरचे नाव बदलावे आणि जुन्याने नव्याला प्रभागात फिरवून ओळख करून द्यावी, अशी विनंती करणार आहोत. बंद घरांची यादी करण्याचे काम आम्ही तीन पाखाड्यांत सुरू केले आहे. एक शंका उरते : अंमलदार बीटवर किती दिवस होता, याची माहिती मागितली तर ती मिळेल का?

निवृत्त साहाय्यक फौजदार

कोणता अंमलदार कोठे आणि कोणत्या रात्री होता, असे विचारू नका. ते सुरक्षेच्या कारणावरून नाकारले जाईल, आणि नाकारणे योग्यही आहे. मागील बारा महिन्यांत आपल्या बीटचा अंमलदार हद्दीबाहेरील बंदोबस्तासाठी एकूण किती दिवस पाठवला गेला, एवढा एकच आकडा माहितीच्या अधिकारात मागा. मंजूर आणि कार्यरत पदांची संख्याही त्याच अर्जात मागता येईल. अर्ज देण्यापूर्वी मात्र एकदा प्रभारी अधिकाऱ्यांना समक्ष भेटा आणि बंद घरांची यादी सोबत न्या. यादी घेऊन आलेल्या माणसाला खुर्ची मिळते, हे मी खुर्चीच्या या बाजूला बसून पाहिले आहे.