मोठे हरिकेन (चक्रीवादळ) येत असताना पक्क्या घरात थांबावे का?

प्रश्न: आमची वस्ती किनाऱ्यालगत असून ताशी १७८ किलोमीटरहून अधिक वेगाचे, म्हणजे किमान तिसऱ्या श्रेणीचे हरिकेन दोन दिवसांत धडकेल असा अंदाज आहे. घर भक्कम असल्यामुळे वडील हलायला तयार नाहीत. काय करावे?

उत्तर १: श्रेणी पाहून हा निर्णय घेऊ नका, कारण ती केवळ वाऱ्याचा वेग सांगते, समुद्राचे पाणी किती आत शिरेल हे तिच्यावरून कळत नाही. २००५ मध्ये कतरीना वादळ अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर आले तेव्हा ते तिसऱ्याच श्रेणीचे होते, तरीही तिथे काही ठिकाणी पाणी आठ मीटरहून उंच चढले. तुमच्या भागासाठी स्थलांतराचा आदेश निघाला असेल, तर वारा वाढण्यापूर्वी आणि रस्ते मोकळे आहेत तोवर निघा. वडिलांशी भिंतींबद्दल वाद घालण्याऐवजी पाण्याबद्दल बोला, असे मला मनापासून वाटते.

उत्तर २: निघताना नेहमीची औषधे आणि कागदपत्रे जलरोधक पिशवीत घ्या, माणशी दररोज सुमारे चार लिटर पाणी धरा, आणि अंगणातील सुट्या वस्तू आत घ्या.

उत्तर ३: जे थांबतील त्यांनी वादळाचा केंद्रभाग जाताना वारा अचानक पडला तरी बाहेर पडू नये, कारण थोड्याच वेळात तो उलट दिशेने तितक्याच जोराने सुटतो. वीज गेल्यावर जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही चालवू नका. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.